मुरघास आणि गुरांचे आरोग्य : एका वादाचा इतिहास

हिरवी वैरण बारीक कापून, खड्ड्यात दाबून व हवाबंद करून आंबू दिली म्हणजे जे खाद्य तयार होते, त्यास मराठीत मुरघास असे अत्यंत समर्पक नाव आहे. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, त्याचप्रमाणे वैरणही मुरते, ही कल्पना त्या नावातच सामावलेली आहे. युरोपीय भाषांत मात्र या पद्धतीचे नाव खाद्यावरून न पडता खड्ड्यावरून पडले. स्पॅनिश भाषेत 'सिलो' म्हणजे धान्य साठविण्याचे भुयार. मराठी मुलुखातील पेव ते हेच. परंतु पेव आणि मुरघासाचा खड्डा यांत एक मूलभूत भेद आहे. पेवातील धान्य जसेच्या तसे बाहेर निघावे अशी अपेक्षा असते. खड्ड्यातील वैरण बदलूनच बाहेर येते. तिचा रंग, वास, चव आणि रासायनिक घटना ही सर्व पालटलेली असतात. हे पालटलेले, आंबट झालेले खाद्य जनावरास हितकर की अपायकर, हा प्रश्न म्हणूनच या पद्धतीच्या जन्मापासून तिच्या मागे लागलेला आहे.

गेल्या सुमारे दीडशे वर्षांत या प्रश्नास जी उत्तरे दिली गेली, त्यांचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट विशेष लक्षात येते. उत्तरे बदलली हे तर खरेच. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, प्रश्नच बदलत गेला. आरंभी वाद होता तो वैरण आंबट असावी की गोड असावी, असा. शेवटी तो कोणते किण्वन, किती त्वरेने आणि हवेपासून कितपत दूर, या स्वरूपास येऊन पोहोचला. हा पालट केवळ प्रयोगशाळेतील चिंतनातून झाला नाही. आजारी पडलेल्या आणि मेलेल्या जनावरांनी तो घडवून आणला. त्यातही उत्तर अमेरिकेतील, विशेषतः मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांचा वाटा मोठा आहे. कारण तेथे एकाच कोठीतील वा गंजीतील वैरण संपूर्ण कळपास घातली जाई, आणि तीत काही दोष असला तर तो एकाच वेळी अनेक जनावरांच्या शरीरांत प्रकट होई.

आरंभकाळ आणि पहिले आक्षेप

वैरण खड्ड्यात आंबविण्याची रीत जर्मनीत आणि बाल्टिक समुद्राच्या आसपासच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही प्रचलित होती. १८४३ च्या सुमारास स्कॉटलंडमधील कृषिविषयक नियतकालिकात तिचे वर्णन आलेले आहे. तथापि या पद्धतीस व्यवस्थित शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील ओग्यूस्त गोफार यांस दिले जाते. सोलोन्य या निकृष्ट जमिनीच्या प्रदेशातील बुर्तें येथे त्यांची शेती होती. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर बारीक कापलेला हिरवा मका घट्ट दाबून व वर वजन ठेवून टिकविता येतो, असे त्यांनी सिद्ध केले आणि १८७७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७९ साली न्यूयॉर्क येथे त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. तत्पूर्वीच, १८७३ साली, इलिनॉय राज्यात फ्रेड हॅच यांनी उभी कोठी बांधली होती, आणि १८७६ साली मेरीलँडमध्ये फ्रान्सिस मॉरिस यांनी मका खड्ड्यात साठविला होता. मक्याचे विपुल पीक आणि दीर्घ हिवाळा या दोहोंमुळे अमेरिकेच्या मध्यभागात ही पद्धती वेगाने पसरली.

परंतु तिचे स्वागत निर्वेध झाले नाही. आंबट खाद्याने गुरांचे दात झडतात, आम्लाने जठराचे अस्तर झिजते, गाभण गाई गाभडतात, असे आक्षेप सर्वत्र ऐकू येऊ लागले. आटवलेल्या दुधाचे काही कारखाने मुरघास खाणाऱ्या गाईंचे दूध दीर्घकाळ नाकारीत असत. हे आक्षेप आज भाबडे वाटले, तरी त्यांमागे केवळ अज्ञान होते असे म्हणता येणार नाही. त्या काळच्या चौकोनी कोठ्यांच्या कोपऱ्यांत वैरण नीट दाबली जात नसे. तेथे हवा राही आणि बुरशी धरे. शेतकऱ्यास 'मुरघास' म्हणून जे दिसे, ते पुष्कळदा अर्धे मुरलेले व अर्धे कुजलेले असे मिश्रण होते. त्यापासून होणाऱ्या उपद्रवाचे खापर तो साहजिकच आंबटपणावर फोडी. विस्कॉन्सिनमधील एफ. एच. किंग यांनी १८९० नंतरच्या दशकात गोल कोठीचा पुरस्कार केला, त्याचे कारण हेच होते. कोपरे नाहीसे झाले आणि त्याबरोबर नासाडीचा मोठा भागही नाहीसा झाला. आरोग्याच्या प्रश्नावरील हा पहिला खरा उपाय वैद्यकाने नव्हे, तर बांधकामाने सुचविला होता.

गोड की आंबट

आम्लाविषयीच्या भयाचा सर्वांत पद्धतशीर आविष्कार इंग्लंडात झाला. १८७९ आणि त्यानंतरच्या पावसाळी उन्हाळ्यांत गवत वाळविणे अशक्य झाल्यामुळे तेथील शेतकरी या नव्या पद्धतीकडे आशेने पाहू लागले होते. १८८५ साली जॉर्ज फ्राय यांनी 'गोड' मुरघासाचा सिद्धान्त मांडला. कोठी सावकाश भरावी, वैरणीत उष्णता वाढू द्यावी, तापमान सुमारे ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढले म्हणजे आम्ल उत्पन्न करणारे जीवाणू मरतात, आणि मग कोठी बंद करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा रीतीने निघालेली वैरण तपकिरी, सुवासिक आणि गुरांना रुचणारी असे. आम्ल टळले म्हणजे अपाय टळला, हे त्यामागील गृहीत होते.

या गृहीताची झीज हळूहळू झाली. अतिशय तापलेल्या वैरणीत शर्करा आणि प्रथिने यांचा संयोग होऊन प्रथिनांचा मोठा अंश जनावरास पचविता येत नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले. गुरे ती आवडीने खात, परंतु तिच्यातून त्यांचे पोषण पुरेसे होत नसे. रुची आणि वास ही आरोग्याची खात्रीशीर प्रमाणे नव्हेत, हा धडा यातून मिळाला. पुढे तो अधिक कठोरपणे पुन्हा शिकावा लागला.

दरम्यान किण्वनाच्या कारणाविषयीचा वाद सुरू होता. पाश्चर यांनी १८५७ साली दुग्धाम्लाच्या किण्वनाचा संबंध सूक्ष्म जीवांशी जोडला होता. तरीही मुरघासाच्या बाबतीत जीवाणू अवश्य आहेत किंवा कसे, याविषयी एकमत नव्हते. विस्कॉन्सिनचे बॅबकॉक व रसेल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे मत मांडले की, हा पालट मुख्यतः वनस्पतीच्या जिवंत पेशींच्या श्वसनामुळे घडतो. १९१२ साली कनेक्टिकटमधील एस्टेन व मेसन यांच्या आणि त्यानंतरच्या इतर संशोधकांच्या कार्यामुळे दुग्धाम्ल उत्पन्न करणाऱ्या जीवाणूंचे प्राधान्य सर्वमान्य झाले. श्वसनाचा भाग खरा होता, परंतु तो आरंभीचा होता. पेशींनी खड्ड्यातील प्राणवायू संपविल्यावर जीवाणूंचे खरे कार्य सुरू होते; ते वैरणीतील शर्करेचे आम्ल बनवितात, आणि आम्लामुळे सामू खाली आला म्हणजे कुजविणारे जीवाणू निष्क्रिय होतात. ज्या आम्लाला शेतकरी शत्रू समजत होता, तेच वैरणीचे रक्षक होते, ही गोष्ट येथे प्रथम स्पष्ट झाली.

मांसासाठीची गुरे आणि प्रयोगकेंद्रे

प्रारंभीची बरीच वर्षे मुरघास हे दुभत्या गुरांचे खाद्य मानले जाई. मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांस ते घालावे की नाही, याबद्दल साशंकता होती. अशा पाणीदार खाद्याने जनावर भरदार होणार नाही, असा समज होता. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या कृषी प्रयोगकेंद्रात स्किनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०६-०७ पासून हिवाळ्यात खच्ची केलेल्या बैलांवर अनेक वर्षे चाचण्या घेतल्या. मक्याच्या मुरघासास सरकीच्या पेंडीसारख्या प्रथिनयुक्त खाद्याची जोड दिल्यास जनावरांचे वजन चांगले वाढते आणि खर्चही कमी येतो, असे त्यांतून निष्पन्न झाले. केवळ मुरघासावर जनावर पोसता येत नाही, कारण मक्यात प्रथिने अल्प असतात. परंतु योग्य जोड मिळाल्यास त्यापासून अपाय संभवत नाही, असा हा निष्कर्ष होता.

याच काळात आंबविण्याच्या क्रियेचा एक अनपेक्षित लाभही ध्यानात येऊ लागला. १८९५ साली कॅन्ससमधील एन. एस. मेयो यांनी मक्याची ताटे खाऊन मेलेल्या गुरांच्या बाबतीत त्या ताटांतील सोऱ्याचे क्षार कारणीभूत असल्याचे दाखविले होते. अवर्षणात वाढ खुंटलेल्या पिकात असे नायट्रेट क्षार साचतात. जनावराच्या पोटात त्यांचे नायट्राइट बनते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते, हा उलगडा १९३९-४० च्या सुमारास वायोमिंगमधील संशोधकांनी केला. वैरण नीट मुरली तर यांतील पुष्कळसे नायट्रेट नाहीसे होते. कोवळ्या अथवा खुरटलेल्या ज्वारीतील विषाची गोष्टही काही अंशी अशीच आहे; ज्वारीतील सायनाइडजनक द्रव्याचा शोध डन्स्टन व हेन्री यांनी १९०२ साली लावला, आणि मुरण्याच्या क्रियेत ते विष बऱ्याच प्रमाणात कमी होते असे पुढे आढळून आले. येथे किण्वन हे केवळ टिकविण्याचे साधन राहत नाही; ते शोधनाचे साधन होते.

तथापि या शोधनाचीही किंमत आहे. ते नायट्रेट वायुरूपाने बाहेर पडते, आणि कोठी भरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिवळसर तांबूस रंगाचा, हवेहून जड असा नायट्रोजन डायॉक्साइड वायू वैरणीवर साचतो. त्यामुळे कोठीत उतरणाऱ्या माणसांची फुप्फुसे निकामी झाल्याची प्रकरणे १९५६ साली अमेरिकन वैद्यकीय वाङ्मयात एक स्वतंत्र रोग म्हणून वर्णिली गेली. जनावरास जे वाचविते ते माणसास मारू शकते, याची ही जाणीव फार उशिरा झाली.

गोड गवताचा रोग

मुरघासाच्या इतिहासाचा विचार करताना वाळलेल्या वैरणीशी निगडित अशा एका प्रकरणाकडे वळणे अवश्य ठरते. कारण नासलेली वैरण आणि मुरलेली वैरण यांतील भेद सर्वांत स्पष्टपणे त्यातच उघड झाला. मेथी आणि लसूणघास यांच्याशी नाते सांगणारी 'स्वीट क्लोव्हर' ही शिंबावर्गीय वैरण विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या व उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर मोठ्या प्रमाणावर लावली जाऊ लागली. ती हलक्या जमिनीत येते, जमिनीचा कस वाढविते आणि कापल्यावर तिला मधुर वास येतो. परंतु तिची देठे जाड असतात. पावसाळी हवेत ती वाळत नाहीत, गंजीत तापतात आणि त्यांवर बुरशी चढते.

१९२० नंतर या वैरणीवर वाढणाऱ्या गुरांत एक विचित्र रोग दिसू लागला. वरवर निरोगी दिसणारे जनावर शिंगे कापल्यावर किंवा खच्ची केल्यावर रक्तस्राव न थांबल्यामुळे मरे. काही जनावरांच्या कातडीखाली रक्ताच्या मोठ्या गाठी येत, काही कोणतीही जखम नसता आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. प्रथम हा घटसर्प किंवा फऱ्या असावा, असा संशय होता. म्हणजे तो संसर्गजन्य रोग मानला गेला. ओंटारियो पशुवैद्यकीय महाविद्यालयातील फ्रँक स्कोफील्ड यांनी १९२२ आणि १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत हा संशय दूर केला. त्यांचा निर्णायक प्रयोग अत्यंत साधा होता. एकाच वैरणीतून त्यांनी चांगली देठे निराळी काढली व नासलेली निराळी काढली, आणि ती वेगवेगळ्या सशांना घातली. चांगली देठे खाणारा ससा सुरक्षित राहिला. नासलेली खाणारा रक्तस्रावाने मेला. म्हणजे दोष वनस्पतीचा नव्हता, संसर्गाचाही नव्हता. तो नासण्याच्या क्रियेत होता. नॉर्थ डकोटामधील ली रॉडरिक यांनी १९२९ ते १९३१ या काळात असे दाखविले की, या जनावरांच्या रक्तातील प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्यास आवश्यक घटक अत्यंत कमी झालेला असतो, आणि निरोगी जनावराचे रक्त दिल्यास आजारी जनावर वाचू शकते.

निदान झाले, परंतु विषाचे स्वरूप अज्ञात राहिले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांनी १९५९ साली लिहिलेल्या हकिकतीत १९३३ च्या फेब्रुवारीतील एका शनिवारचे वर्णन केले आहे. हिमवादळातून मोठा प्रवास करून एक शेतकरी त्यांच्या प्रयोगशाळेत आला; त्याच्याजवळ मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा डबा आणि नासलेली वैरण होती. लिंक त्यास एवढेच सांगू शकले की, ही वैरण घालणे बंद करावे आणि शक्य असल्यास जनावरांस रक्त द्यावे. त्या शेतकऱ्याजवळ दुसरी वैरण नव्हती. मंदीच्या त्या वर्षांत माळरानावरील अनेक शेतकऱ्यांची स्थिती अशीच होती. नासलेली वैरण फेकणे म्हणजे गुरे उपाशी मारणे, आणि ती घालणे म्हणजे गुरे रक्तस्रावाने मारणे, अशा पेचात ते सापडले होते. शास्त्राने दिलेला सल्ला बरोबर असूनही निरुपयोगी ठरू शकतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांना ते द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविण्यास सहा वर्षे लागली. १९३९ च्या जूनमध्ये हॅरल्ड कॅम्बेल यांना त्याचे स्फटिक मिळाले, आणि १९४० साली त्याची रचना निश्चित झाली. या वैरणीला मधुर वास देणारे कूमारिन हे द्रव्य स्वतः निरुपद्रवी असते; बुरशीच्या क्रियेमुळे त्याचे डायकूमारॉल बनते आणि तेच रक्ताचे गोठणे रोखते. कोपनहेगन येथील हेन्रिक दाम यांनी शोधलेले के जीवनसत्त्व हा त्यावरील उतारा ठरला. पुढे डायकूमारॉल हे मानवी रोगांवरील औषध झाले; त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ साली उंदरांच्या विषाच्या रूपाने बाजारात आले, आणि १९५४ पासून रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी माणसांना दिले जाऊ लागले. वैद्यकाच्या इतिहासात हे प्रकरण या औषधांमुळे प्रसिद्ध आहे. पशुपोषणाच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. सूक्ष्म जीवांनी वैरणीत घडविलेला प्रत्येक पालट म्हणजे किण्वन नव्हे, आणि गोड वास म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्याने कायमचे प्रस्थापित केले. हवेत वाढणारी बुरशी आणि हवेवाचून वाढणारे दुग्धाम्लाचे जीवाणू एकाच हिरव्या वैरणीवर जगतात. त्यांतील कोणाचा जय होतो, यावर जनावराचे जीवित अवलंबून असते.

व्हिर्टानेन आणि आम्लाचा स्वीकार

हा जय नशिबावर न सोपविता घडवून आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिनलंडमध्ये झाला. तेथील हिवाळा दीर्घ, उन्हाळा ओला आणि शेतीचा आधार गवत व दूध हा होता. शिंबावर्गीय वैरणीत प्रथिने अधिक व शर्करा कमी असते. त्यामुळे ती पुरेशी आंबट होत नाही, आणि ब्युटिरिक आम्ल उत्पन्न करणारे जीवाणू तीत माजतात. अशी वैरण दुर्गंधी असते, तिच्यातील प्रथिने नष्ट होतात, आणि तिच्याबरोबर दुधात गेलेल्या बीजाणूंमुळे चीज फुगून नासते. आर्तुरी इल्मारी व्हिर्टानेन यांनी १९२८ च्या सुमारास या प्रश्नाचे धाडसी उत्तर दिले. वैरण आंबट होण्याची वाट न पाहता तीत गंधकाम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल विरल करून मिसळावे आणि सामू एकदम ४ च्या खाली आणावा, असे त्यांनी सुचविले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धती 'ए. आय. व्ही.' म्हणून ओळखली जाते.

पन्नास वर्षांपूर्वी वैरणीच्या आंबटपणाचेच जेथे भय होते, तेथे आता बाटलीतील तीव्र आम्ल खाद्यात ओतले जात होते. साहजिकच जुना आक्षेप नव्या जोमाने पुढे आला. या वेळी मात्र तो मोजमापाच्या कसोटीवर तपासला गेला. खनिज आम्लांमुळे जनावराच्या शरीरातील आम्ल आणि अल्क यांचा समतोल बिघडू शकतो, हे मान्य करण्यात आले आणि त्यासाठी खाद्यात खडू व सोडा यांची जोड देण्यात आली. उलट बाजूस या वैरणीत प्रथिने टिकत, आणि अ जीवनसत्त्वाचे मूळ जे कॅरोटीन तेही उन्हात वाळविलेल्या गवतापेक्षा कितीतरी अधिक टिके. याचे महत्त्व केवळ दुधापुरते नव्हते. कॅलिफोर्नियातील हार्ट व गिल्बर्ट यांनी याच दशकात माळावर चरणाऱ्या मांसोत्पादक गुरांवर केलेल्या संशोधनातून असे दिसून आले होते की, कोरड्या गवतावर दीर्घकाळ राहिलेल्या गाईंना अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, त्या गाभडतात किंवा दुर्बळ वासरे देतात. गाभडण्याचा जो दोष एके काळी मुरघासावर लादला गेला होता, तो टाळण्याचे एक साधन चांगला मुरघासच होता. १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिर्टानेन यांस देताना वैरण टिकविण्याच्या या पद्धतीचा विशेष निर्देश करण्यात आला. पुढे या खनिज आम्लांची जागा बहुतांशी फॉर्मिक आम्लाने घेतली.

कोठीपोटातील किण्वन

आम्लाविषयीच्या भयाचा तात्त्विक पाया अखेरीस शरीरशास्त्राने काढून घेतला. रवंथ करणाऱ्या जनावराचे कोठीपोट ही स्वतःच एक किण्वनाची कोठी आहे. केंब्रिज येथील बारक्रॉफ्ट, मॅकॅनली व फिलिप्सन यांनी १९४४ साली मेंढ्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, कोठीपोटात जीवाणूंनी निर्माण केलेली ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ले तेथूनच रक्तात शोषली जातात. जनावराच्या शक्तीचा मोठा भाग या आम्लांतून येतो. रॉबर्ट हंगेट यांच्या हवारहित संवर्धनाच्या तंत्रामुळे या जीवाणूंची ओळख पटली, आणि त्यांचा १९६६ चा ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ ठरला. मुरघासातील दुग्धाम्लही कोठीपोटातील इतर जीवाणू खातात व त्याचे मुख्यतः प्रोपिओनिक आम्ल बनवितात. आम्ल हे रवंथ करणाऱ्या जनावरास परके द्रव्य नव्हेच.

परंतु याच संशोधनाने मर्यादाही दाखविली. हंगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली असे सिद्ध केले की, जनावराने एकाएकी पुष्कळ धान्य खाल्ले तर कोठीपोटात दुग्धाम्लाचा पूर येतो, नेहमीचे जीवाणू मरतात आणि जनावर दगावू शकते. धान्यावर झपाट्याने पोसल्या जाणाऱ्या मांसोत्पादक गुरांत याचे सौम्य पण दीर्घकालीन रूप आढळते. आम्लाने कोठीपोटाचे अस्तर सुजते, त्यातून जीवाणू यकृतात जातात आणि तेथे गळवे होतात. या दोन विकृतींचा संबंध १९४४ साली कोलोरॅडोमधील संशोधनात निदर्शनास आला होता. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याने जठराचे अस्तर झिजण्याचे जे भय व्यक्त केले होते, ते अशा रीतीने अगदीच निराधार नव्हते. मात्र त्याचे कारण मुरघास नसून धान्याचा अतिरेक हे होते. या अतिरेकास आवर घालण्यासाठी आहारात तंतुमय वैरण ठेवावी लागते, आणि मोठ्या गोठ्यांत हे काम पुष्कळदा मक्याचा मुरघासच करतो. तो चघळताना सुटणारी लाळ आम्लाचा जोर कमी करते.

हवेचा शिरकाव

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्ष खड्ड्याच्या गाभ्याकडून त्याच्या कडेकडे वळले. लिस्टेरिया नावाच्या जीवाणूचे वर्णन केंब्रिज येथे १९२६ साली आणि दक्षिण आफ्रिकेत १९२७ साली झाले होते. १९३० नंतर तो मेंढ्यांत व गुरांत मेंदूच्या दाहाचे कारण म्हणून ओळखला जाऊ लागला. रोगी जनावर एकाच बाजूस वळत गोल गोल फिरते. आइसलँडच्या शेतकऱ्यांनी या रोगाला त्यांच्या भाषेत 'मुरघासाचा रोग' असेच नाव दिले होते. शास्त्राला तो संबंध सिद्ध करण्यास बराच अवधी लागला; १९६० साली एम. एल. ग्रे यांनी मुरघासातूनच हा जीवाणू मिळवून त्यास पुष्टी दिली. चांगल्या आंबलेल्या वैरणीत लिस्टेरिया वाढत नाही. सामू सुमारे ५.५ च्या वर राहिला आणि थोडी हवा शिरली, तर मात्र तो थंडीतही वाढतो. १९८० नंतर ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकने गुंडाळलेल्या मोठ्या गठ्ठ्यांचा प्रसार झाला तेव्हा हा रोग वाढलेला दिसला. कारण गठ्ठ्यांच्या राशीत पृष्ठभाग अधिक असतो, आणि प्लॅस्टिकला पडलेले एक छिद्रही त्या गठ्ठ्याचा मोठा भाग बिघडविते.

याच काळात वैरणीत मुद्दाम जीवाणू मिसळण्याची पद्धत रूढ झाली. केवळ दुग्धाम्ल निर्माण करणारे जीवाणू उत्तम, असा सर्वसामान्य समज होता. परंतु १९९० नंतरच्या संशोधनात असे आढळले की, शुद्ध दुग्धाम्लाची वैरण कोठी उघडल्यावर पुष्कळदा लवकर तापते व बुरसते. कारण ते दुग्धाम्लच यीस्टचे खाद्य बनते. लॅक्टोबॅसिलस बुखनेरी हा जीवाणू दुग्धाम्लाचा काही अंश ॲसेटिक आम्लात रूपांतरित करतो आणि त्यामुळे यीस्ट व बुरशी यांना आळा बसतो, हे या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. थोडे दुग्धाम्ल गमावून वैरण अधिक काळ सुरक्षित ठेवणे श्रेयस्कर, असा हा नवा हिशेब होता. किण्वनाची गुणवत्ता खड्डा बंद असताना मोजून भागत नाही. ती खड्डा उघडल्यावर, जनावराच्या दावणीपर्यंत मोजावी लागते.

उपसंहार

या इतिहासाकडे एकत्र पाहिल्यास असे दिसते की, आंबलेले खाद्य गुरांना हितकर की अहितकर, या प्रश्नास एकच उत्तर असू शकत नाही. ज्या वैरणीला एका क्रियेने अन्नाचे रूप येते, तिलाच दुसऱ्या क्रियेने विषाचे रूप येते, आणि त्या दोन क्रियांमधील अंतर थोड्या हवेचे, थोड्या ओलीचे आणि थोड्या दिवसांचे असते. दात झडण्याची भीती खोटी ठरली. परंतु ज्या शेतकऱ्यांनी खड्ड्याच्या कोपऱ्यांतील वैरण जनावरांना बाधते असे सांगितले, गोड वासाच्या गवताने गुरे मरतात असे सांगितले, किंवा रोगाला मुरघासाचेच नाव दिले, त्यांचे निरीक्षण शास्त्राच्या पुढे होते. त्यांनी दिलेले कारण अनेकदा चुकीचे होते. त्यांनी पाहिलेली घटना बहुधा खरी होती. स्कोफील्ड, रॉडरिक आणि लिंक यांचे मोठेपण यात आहे की, त्यांनी ती घटना नाकारली नाही आणि ते कारणही जसेच्या तसे स्वीकारले नाही.

महाराष्ट्रात मुरघासाचा प्रसार मुख्यतः दुभत्या गुरांसाठी होत आहे, आणि २०१५ च्या कायद्यानंतर गोवंशाच्या संदर्भात मांसोत्पादक पशुपालनाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तथापि खड्डा असो वा पिशवी, मका असो वा उसाचे वाढे, कोठीपोट आणि जीवाणू यांचे नियम तेच आहेत. उन्हाळ्यात वैरणीच्या टंचाईत पिशवीच्या तोंडाशी बुरसलेला थर फेकावा की घालावा, हा निर्णय घेणाऱ्या पशुपालकापुढे तोच पेच असतो, जो १९३३ साली विस्कॉन्सिनच्या त्या शेतकऱ्यापुढे होता. त्याला केवळ 'घालू नका' असे सांगून शास्त्राचे कर्तव्य संपत नाही. पिशवी भरण्याच्या दिवशीच तो थर तयार होणार नाही, अशी व्यवस्था त्याच्या आवाक्यात आणून देणे, हेच या विषयातील आरोग्यशास्त्राचे खरे काम आहे.